सॉनिक 2 आणि 3 : टेल्सला सोबत ठेवायचं की नाही?

पिक्सेलपंत

मंडळी, सेगाच्या मेगा ड्राइव्ह या जुन्या गेम मशीनवरचा मूळ सॉनिक 2 सातही इमराल्ड (स्पेशल स्टेज या बोनस फेऱ्यांत मिळणारे खडे) घेऊन संपवायचा आहे. डिफॉल्ट म्हणजे सॉनिक आणि त्याचा दोन शेपट्यांचा सोबती टेल्स या जोडीने खेळतोय. अडचणी तीन :

स्पेशल स्टेजमध्ये मी बॉम्ब नीट चुकवतो आणि मागून येणारा टेल्स त्याच बॉम्बवर जाऊन आपटतो. गोळा केलेल्या रिंगांचा एकूण आकडा खाली येतो आणि वाटेत गेम रिंग मोजतो त्या पुढच्या तपासणीला चार-पाच रिंग कमी पडतात. तो बॉम्ब बघतच नाही का?

साध्या लेव्हलमध्ये तो मध्येच एका जागी थिजतो. मी पुढे निघून जातो, हा आपला उभाच. नेहमी नाही, अधूनमधून.

आणि सॉनिक 3 मध्ये तो सॉनिकला उचलून उडतो म्हणतात. मी त्याच्या खाली शंभर उड्या मारल्या तरी हा जमिनीवरून हलत नाही.

ऑप्शन्समध्ये सॉनिक एकटा घेतला तर काही हातचं जातं का? शेवट बदलतो का, सुपर सॉनिक (त्याचं ताकदवान रूप) मिळतो ना?

---

बटणबहाद्दर

पहिल्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. टेल्स डोक्याने खेळत नाही, तुमची नक्कल करतो.

सॉनिकची जागा आणि तुम्ही दाबलेली बटणं गेम दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर चित्राला, नोंदवून ठेवतो. टेल्स त्या नोंदीतली सुमारे 16 फ्रेम जुनी ओळ वाचतो आणि तीच बटणं स्वतःसाठी दाबतो. सेकंदाला 60 फ्रेम धरल्या तर हा पाव सेकंदाचा उशीर. तुम्ही उडी मारली की पाव सेकंदाने तो मारणार, तुम्ही स्पिन डॅश (जागीच गरगरून सुसाट सुटणं) केला की तोही करणार. सरळ रस्त्यावर हे इतकं बेमालूम जमतं की तो विचार करून धावतोय असं वाटतं. मध्ये शत्रू, स्प्रिंग किंवा सरकता प्लॅटफॉर्म आला की त्याची जागा आणि तुमची जुनी बटणं यांचा मेळ सुटतो.

मेळ सुटल्यावर सावरायला दोन-तीन जुजबी नियम आहेत. आडवं अंतर वाढलं की तो तुमच्या दिशेचं बटण स्वतःहून दाबतो. तुम्ही बरेच वर असाल तर ठरावीक अंतराने उड्या मारत राहतो, समोर भिंत असली तरी. चढावर अडकून वेग शून्य झाला तर खाली बसून स्पिन डॅश भरतो आणि सुटायचा प्रयत्न करतो. वेड्यासारखा जागच्या जागी गरगरताना दिसतो तो हाच प्रकार. यापलीकडे त्याला अक्कल नाही. बॉम्ब, काटे, खड्डा यांची दखल घेणारा नियम यात कुठेही नाही.

पडद्याबाहेर सलग 5 सेकंद राहिला की गेम त्याला उचलून बाजूला ठेवतो. मग सॉनिक जमिनीवर स्थिर असेल असा मुहूर्त पाहून तो वरून उडत येतो. तुम्ही सतत हवेत किंवा पाण्यात असाल तर ताटकळत राहतो. दुसऱ्या कंट्रोलरवर ए, बी किंवा सी दाबलंत तर मुहूर्त न बघता लगेच निघतो. मात्र उडत येताना तो कशालाच लागत नाही. रिंग घेत नाही, शत्रू मारत नाही. जमिनीला पाय टेकले की मगच कामाला लागतो.

---

खारूताई

थिजण्याचं कारण जवळपास नक्की दुसरा कंट्रोलर.

दुसऱ्या पोर्टवरून एक जरी बटण आलं तरी गेम समजतो की टेल्सला आता माणूस खेळवतोय, आणि नक्कल बंद करतो. शेवटच्या बटणानंतर 10 सेकंद काहीच आलं नाही तर नक्कल पुन्हा सुरू होते. त्या 10 सेकंदांत टेल्स नुसता उभा. मधल्या काळात तुम्ही पुढे गेलात की तो पडद्याबाहेर जातो, तिथले 5 सेकंद भरले की उडत येतो. तुम्ही जे वर्णन केलंय ते नेमकं हेच दिसतंय.

तपासायचा क्रम असा. खरं मशीन असेल तर दुसरा कंट्रोलर पोर्टमधून काढा आणि एक पूर्ण लेव्हल खेळा. थिजणं थांबलं तर त्या कंट्रोलरचं एखादं बटण अडकतंय किंवा आतलं रबर झिजलंय. एम्युलेटरवर (जुन्या मशीनचे गेम संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) असाल तर प्लेयर 2 च्या सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या कळा मोकळ्या करा. बऱ्याच ठिकाणी एकच कंट्रोलर दोन्ही खेळाडूंना जोडलेला राहतो, किंवा प्लेयर 2 ची दिशा अॅनालॉग स्टिकवर असते आणि स्टिक थोडी वाहवत असते. स्टिकचा डेड झोन, म्हणजे किती हलेपर्यंत तिची दखल घ्यायची नाही ती मर्यादा, वाढवला तरी काम होतं.

---

टर्बोनाना

स्पेशल स्टेजबद्दल.

तिथे वर तीन आकडे असतात : सॉनिकचे रिंग, टेल्सचे रिंग आणि दोघांची बेरीज. तपासणी बेरजेची होते. बॉम्ब लागला की ज्याला लागला त्याच्या खात्यातून 10 जातात. खात्यात 10 पेक्षा कमी असतील तर असतील तेवढे जातात. म्हणजे टेल्सकडे 3 असताना तो आपटला तर नुकसान 3 चंच. शून्य असताना आपटला तर काहीच नाही. त्यामुळे सुरुवातीला त्याचं आपटणं मनावर घेऊ नका. त्याच्या खात्यात वीसेक साचले की मग दुखतं.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. सॉनिक एकटा असेल तर गेम कमी रिंग मागतो. जोडी आणि एकटा यांच्यासाठी मागण्यांचे तक्ते वेगळे आहेत. कारण उघड आहे. जोडीत टेल्सने तुमच्या हातून सुटलेले रिंग गोळा करावेत, असा हिशेब धरलाय. कोणी माणूस त्याला खेळवत असेल तर हा हिशेब बरोबर बसतो. नक्कल चालू असेल तर तो तुम्ही गेलात त्याच रेषेवरून मागून येतो. त्या रेषेवरचे रिंग तुम्ही आधीच उचललेले असतात आणि बॉम्ब मात्र त्याच्या वाट्याला येतात.

म्हणून एकट्याने सात इमराल्ड काढायचे असतील तर ऑप्शन्समधून सॉनिक एकटा घ्या. हातचं काही जात नाही. सातही मिळाले की 50 रिंग असताना उडी मारली की सुपर सॉनिक होतो, जोडीत होतो तसाच. जातो तो फक्त बॉसच्या (शेवटच्या मोठ्या शत्रूच्या) वेळचा मदतनीस. आणि टेल्स एकटा घेऊ नका. सॉनिक 2 मध्ये त्याला सुपर रूप नाही, आणि मूळ आवृत्तीत खेळाडूच्या हातात तो उडतही नाही.

जोडीनेच काढायचे असतील तर बॉम्बांच्या रांगेच्या आधी बाजू बदला, ऐनवेळी नाही. पन्हळीसारख्या त्या ट्रॅकवर तुम्ही शेवटच्या क्षणी डावीकडे झुकलात तर टेल्स पाव सेकंद उजवीकडेच असतो, आणि बॉम्ब नेमका तिथे. अर्धा सेकंद आधी झुकलात तर तोही वेळेत पोचतो. उडी मारून बॉम्ब ओलांडायची सवय मात्र सोडा. उशिराने मारलेली त्याची उडी कुठे संपेल याचा भरवसा नाही.

स्पेशल स्टेजच्या आत जायला लेव्हलमधल्या चेकपॉइंटच्या खांबापाशी 50 रिंग लागतात आणि बाहेर आल्यावर रिंग शून्यावर येतात, हे धरून चाला. एमराल्ड हिल आणि केमिकल प्लांट या पहिल्या दोन लेव्हलमध्येच जास्तीत जास्त खांब वापरून टाका. पुढे मेट्रोपोलिसमध्ये 50 रिंग घेऊन खांबापर्यंत पोचणं हे वेगळंच दुखणं आहे.

---

पिक्सेलपंत

खारूताई, प्लेयर 2 ची दिशा खरंच उजव्या स्टिकवर होती. काढली, थिजणं बंद.

नाना, बॉसच्या वेळचा मदतनीस म्हणजे नक्की किती मदत? त्यासाठी जोडी ठेवण्यात अर्थ आहे का?

---

बटणबहाद्दर

नक्कल चालू असताना थोडी. दुसरा माणूस असेल तर भरपूर.

सॉनिक 2 मधले बहुतेक बॉस 8 फटक्यांत पडतात आणि टेल्सचा फटका त्या मोजणीत धरला जातो. त्याला लागलं तर तुमचे रिंग सांडत नाहीत. खड्ड्यात पडला किंवा पाण्यात गुदमरला तरी तुमचा जीव जात नाही, थोड्या वेळाने उडत परत येतो. त्यामुळे दुसऱ्या खेळाडूने बिनधास्त अंगावर जावं आणि सॉनिकने कोपऱ्यात रिंग सांभाळत उभं राहावं, ही सगळ्यात स्वस्त युक्ती. साध्या लेव्हलमध्ये तो उचलेल ते रिंगही सॉनिकच्याच खात्यात जमा होतात.

एक मर्यादा लक्षात ठेवा. सोबती म्हणून असताना टेल्सला मॉनिटर (बक्षिसं असलेले टीव्हीसारखे डबे) फोडता येत नाहीत. त्याच्यासाठी ते नुसते ठोकळे. वरच्या कोपऱ्यातला एक्स्ट्रा लाइफ त्याच्याकडून काढून घ्यायचा बेत असेल तर सोडून द्या.

आणि जिथे खरी गरज असते तिथे हा नसतोच. शेवटच्या तीन लेव्हलपैकी स्काय चेसमध्ये तो विमान चालवतो, विंग फोर्ट्रेस आणि डेथ एगमध्ये सॉनिक एकटा. डेथ एगमध्ये एकही रिंग नाही, आधी सिल्व्हर सॉनिक या रोबोचे 8 फटके आणि लगेच मोठ्या रोबोचे 12. तिथे जोडी घेतली काय, एकटा घेतला काय, सारखंच.

---

उडनखटोला

सॉनिक 3 चं कुणीच सांगितलं नाही, ते मी घेतो.

1994 च्या सॉनिक 3 मध्ये उड्डाण पहिल्यांदा खेळाडूच्या हातात आलं. पण जोडीने खेळताना ते दुसऱ्या कंट्रोलरच्या हातात आहे. नक्कल करणारा टेल्स तुम्हाला उचलायला स्वतःहून कधीच उडत नाही, खाली कितीही उड्या मारा. ठळक अपवाद मार्बल गार्डन या लेव्हलच्या दुसऱ्या भागातल्या (अॅक्ट 2) बॉसचा. तिथे तो सॉनिकला धरून हवेत नेतो, आणि सॉनिक एकटा घेतला असला तरी त्या प्रसंगापुरता येतो.

उचलायची रीत : दुसऱ्या कंट्रोलरवर उडी, हवेत असताना पुन्हा उडीचं बटण. शेपट्या फिरायला लागतात. आता ते बटण दाबून धरू नका, टपटप मारा. दर टपेला तो थोडा वर चढतो. टेल्स सॉनिकच्या डोक्याच्या जरा वर आला की पहिल्या कंट्रोलरवर उडी. सॉनिकचे हात त्याला लागले की पकड बसते. मग दिशा आणि चढण दोन्ही दुसऱ्या कंट्रोलरवर. सोडायचं असेल तेव्हा पहिल्या कंट्रोलरवर उडी.

चुकतं ते वेळेत. उड्डाण 8 सेकंदांचं असतं आणि घड्याळ शेपट्या फिरू लागल्यापासून चालतं, पकड बसल्यापासून नाही. टेल्स हवेत घिरट्या घालतोय आणि सॉनिक खाली नेम धरतोय, यात 3-4 सेकंद सहज जातात. मग उंच कड्याच्या अगदी तोंडाशी टेल्स दमतो, चेहरा पाडून खाली येऊ लागतो, आणि त्यानंतर बटण कितीही बडवलं तरी चढत नाही. जमिनीवर उतरल्याशिवाय नवे 8 सेकंद मिळत नाहीत. म्हणून सॉनिकला आधी नेमक्या जागी उभा करा, मग टेल्सला उडवा. वाटेत सॉनिक भिंतीला किंवा छताला आपटला तरी पकड सुटते, आणि सुटल्यावर क्षणभर पुन्हा बसत नाही. अरुंद बोळातून त्याला घेऊन जायच्या फंदात पडू नका.

हवेत उडताना त्याच्या फिरत्या शेपट्या वरच्या शत्रूला लागतात. खालून वर चढलात तर बरेच शत्रू विनासायास मरतात. बाजूने गेलात तर मार तुम्हालाच. पाण्याखाली तो उडत नाही, पोहतो, आणि तिथे शेपटीचा हा मार चालत नाही.

एकट्याने खेळत असाल आणि एम्युलेटर असेल तर प्लेयर 2 ची उडी त्याच कंट्रोलरच्या खांद्याच्या बटणावर आणि दिशा उजव्या स्टिकवर ठेवा. फक्त वर खारूताईंनी सांगितलेले 10 सेकंद विसरू नका. काम झालं की तो तेवढा वेळ मख्खासारखा उभा राहणार.

---

खारूताई

यावर पुरवणी : हे दोन कंट्रोलरचं लचांड नको असेल तर सॉनिक मेनिया प्लस या बऱ्याच नंतरच्या गेममध्ये हवेत असताना वर धरून उडी दाबली की टेल्स स्वतः येऊन उचलतो. टेल्स एकटा खेळताना खाली धरून उडी दाबली की उड्डाण मोडून तो गोळा होतो. मूळ सॉनिक 3 मध्ये असं मोडता येत नाही, एकदा उडाला की उतरेपर्यंत तसाच.

2013 च्या मोबाइलवरच्या सॉनिक 2 मध्येही टेल्सला उडता येतं. मिस्टिक केव्ह अॅक्ट 2 मधला काट्यांचा तो बदनाम खड्डा, मूळ गेममध्ये जिथून सुटकाच नाही, तिथून त्या आवृत्तीत हिडन पॅलेस या मूळ गेममधून वगळलेल्या लेव्हलला वाट जाते.

---

पिक्सेलपंत

छान. म्हणजे सॉनिक 2 एकट्याने आणि सॉनिक 3 जोडीने. सॉनिक 3 च्या स्पेशल स्टेजमध्ये पुन्हा हीच बॉम्बची कटकट आहे का?

---

टर्बोनाना

नाही. तिथे निळे गोळे गोळा करायचे असतात आणि टेल्स नुसता मागून पळतो. तो ना गोळे उचलतो, ना लाल गोळ्यामुळे स्टेज बुडवतो. निर्धास्त सोबत ठेवा.

फक्त सॉनिक 3 अँड नकल्समध्ये (सॉनिक 3 ला पुढचा गेम जोडून होणारा गेम) टेल्सचं सुपर रूप हवं असेल तर साधे सात इमराल्ड पुरत नाहीत, सातही सुपर इमराल्ड लागतात. मिळालं की चार पाखरं त्याच्याभोवती फिरत शत्रूंवर तुटून पडतात. त्यासाठी डेटा सिलेक्टमध्ये (सेव्ह केलेले खेळ निवडायच्या पडद्यावर) नवी जागा घेऊन टेल्स एकटा निवडा. जोडीत सुपर होतो तो सॉनिकच.