टेंडर टेक्निकललाच बाद केलं, तक्रार नेमकी कुठे करायची? (मदत हवी आहे)

कपाटवाला: नमस्कार. होस्टेलसाठी १२० लोखंडी कॉट आणि तेवढीच कपाटं, असं टेंडर भरलं होतं. काल संध्याकाळी टेक्निकललाच, म्हणजे दर उघडण्याआधीच्या तपासणीतच, बाद केलं. माझा दर उघडलासुद्धा नाही. सगळे कागद जोडले होते, तीनदा तपासून जोडले होते. सरकारी खरेदीचा कायदा पाळला जातो की नाही हे बघणारं वरचं ऑफिस कोणतं? थेट तिथेच जायचंय. इथल्या क्लार्कला चार फोन केले, उचलत नाही. लवकर सांगा, दर उघडले की संपलं.

डोंगरवाट: कुणाचं टेंडर? झेडपी, नगरपरिषद, समाजकल्याण, की केंद्राचं? महाटेंडर्सवर (राज्याचं टेंडर पोर्टल) की जेमवर (केंद्राचं खरेदी पोर्टल)? बाद करताना कारण लिहितात, ते काय लिहिलंय?

कपाटवाला: सरकारी आहे हो. कारण काय, बहाणा आहे. ऑफिसचं नाव सांगा.

जमाखर्च: मी लेखा विभागातून निवृत्त झालोय, म्हणून सांगतो. तुम्ही म्हणता तसा एक कायदा देशात नाहीच. सार्वजनिक खरेदी विधेयक २०१२ मध्ये लोकसभेत आलं आणि २०१४ मध्ये त्या लोकसभेची मुदत संपताच बारगळलं. केंद्राची ऑफिसं सामान्य वित्तीय नियम २०१७ वर चालतात, आपल्या राज्याची ऑफिसं उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या खरेदी नियमपुस्तिकेवर. कॅग, म्हणजे सरकारी हिशेब तपासणारं ऑफिस, तपासतं, पण खरेदी होऊन गेल्यावर. चालू टेंडर थांबवणं त्यांचं काम नाही. त्यामुळे 'कुणाचं टेंडर' हे कळल्याशिवाय तुम्हाला कुणीच दार दाखवू शकणार नाही.

कावेरीकाठ: आम्ही बंगळुरात राहतो. इथे सरकारी खरेदीसाठी १९९९ चा पारदर्शकता कायदा आहे, त्याच्या कलम १६ खाली ३० दिवसांत अपील करता येतं. तमिळनाडूत तर १९९८ पासून कायदा आहे. महाराष्ट्रात एवढे कारखाने, एवढी खरेदी, आणि सगळं शासन निर्णयांवर चालतं, याचं वाईट वाटतं.

डोंगरवाट: ताई, त्यांचं टेंडर कर्नाटकात नसावं.

जागल्या: माहिती अधिकार टाका. दहा रुपयांत काम. तुलनात्मक तक्ता, समितीचं इतिवृत्त, सगळं मागा. मी आमच्या ग्रामपंचायतीच्या पथदिव्यांचा घोळ असाच बाहेर काढला.

डोंगरवाट: उत्तराला ३० दिवस. तोवर पोरं त्या कॉटवर झोपायला लागतील.

जागल्या: म्हणून टाकायचंच नाही का? आज नाही तर पुढच्या टेंडरला कागद हाताशी राहतो. लोक ३० दिवसांना घाबरतात म्हणूनच हे सगळं चालतं.

उधारीला_कंटाळलो: बिल ४५ दिवसांत दिलं नाही तर लघुउद्योगांच्या एमएसएमई कायदा २००६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं. एमएसएमई खात्याच्या पोर्टलवर अर्ज करा. माझे सात लाख असेच सुटले.

कपाटवाला: दादा, मला ऑर्डरच मिळाली नाही, बिल कुठलं? बरं, सांगतो सगळं. केंद्रीय संस्था आहे, टेंडर जेमवर आहे. कारण 'ईएमडी (बोलीसोबतची अनामत रक्कम) भरलेली नाही' असं लिहिलंय. पण मी उद्यम, म्हणजे लघुउद्योग नोंदणीचं, सर्टिफिकेट जोडलंय. लघुउद्योगाला ईएमडी माफ असते ना?

भट्टीवाली: माफ आहेच! शिवाय लघुउद्योगांकडून खरेदीच्या २०१२ च्या धोरणाप्रमाणे केंद्राने २५ टक्के खरेदी आपल्याकडूनच करायची आहे. सोडू नका.

जमाखर्च: थांबा. उद्यममध्ये तुमची नोंद उत्पादक म्हणून आहे की व्यापारी म्हणून?

कपाटवाला: माल भिवंडीहून घेतो, रंग आणि फिटिंग इथे करतो. नोंद ट्रेडिंगची आहे. त्याने काय फरक पडतो?

जमाखर्च: सगळा फरक तिथेच आहे. ते धोरण स्वतः माल बनवणाऱ्यासाठी आणि सेवा देणाऱ्यासाठी आहे. व्यापाऱ्याला ईएमडीची माफी नाही. तुम्हाला कडू वाटेल, पण बाद करणं नियमात बसतं.

भट्टीवाली: हे मला माहीत नव्हतं. माझा स्वतःचा कारखाना आहे, म्हणून कधी अडलं नाही.

कपाटवाला: मग पास झालेल्या दुसऱ्याचं काय? तोही माझ्यासारखाच दुकानदार, आमच्याच बाजारपेठेतला. त्याला मात्र ईएमडी माफ केली, त्यानेच मला सांगितलं. माझ्या पोटात हेच जळतंय.

डोंगरवाट: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं!

काळाकोट: हाच मुद्दा धरा. टाटा सेल्युलर, १९९४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल: कोर्ट निर्णय बदलून देत नाही, पण निर्णयाची पद्धत तपासतं. एकाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरं, यावर रिट (हायकोर्टातला अर्ज) टिकतं. मात्र १२० कॉटच्या नफ्यातून हायकोर्टाचा खर्च निघेल का, ते आधी बघा.

जमाखर्च: कोर्ट नंतर. जेमवर टेक्निकल बाद झाल्यावर हरकत घ्यायला दोन दिवस असतात. तुमचा एक गेला. आजच पोर्टलवर लिहा. 'माझ्यावर अन्याय झाला' असं लिहू नका, 'माफीची अट सर्वांना एकसारखी लावली का, अमुक बोलीदाराची उद्यम नोंद तपासावी' असं लिहा. सामान्य वित्तीय नियमांतल्या नियम १७३ प्रमाणे विचारल्यावर कारण सांगावंच लागतं. त्यांनी ऐकलं नाही तर त्या संस्थेच्या मुख्य दक्षता अधिकाऱ्याला लिहा, प्रत केंद्रीय दक्षता आयोगाला. नाव-पत्ता घालून. निनावी अर्ज आयोग घेत नाही.

पाटीलबुवा: झेडपीच्या सीईओंना भेटा, सोमवारी असतात.

कपाटवाला: पाटील, केंद्राचं आहे, वर लिहिलंय. जमाखर्च काका, हरकत टाकली, आत्ताच. तो माझ्या ओळखीचा आहे, त्याच्यावर लिहिताना हात जड झाला. 'सर्व पात्र बोलीदारांची नोंद तपासावी' एवढंच लिहिलं, नाव घातलं नाही. चालेल ना?

जमाखर्च: चालेल. पोचपावतीचा फोटो काढून ठेवा. आणि उद्यममध्ये फिटिंगचं काम उत्पादनात बसतं का, ते जिल्हा उद्योग केंद्रात विचारून या.