मरव्याचा बुंधा काळा पडतोय, वाचेल का?

प्रश्न: दहा इंची प्लास्टिकची कुंडी, लाल माती आणि निम्मं शेणखत. पूर्वेच्या बाल्कनीत सकाळी तीन तास ऊन. जुलैपासून खालची पानं पिवळी पडून गळतायत, बुंध्याशी काडी काळी झालीय. माती ओली असूनही शेंडे मान टाकतात. गजऱ्यासाठी लावलाय, घालवायचा नाही.

उत्तर १: ओल्या मातीत मान टाकली म्हणजे मुळं कुजली. पाणी लगेच थांबवा. मरवा सायप्रस-तुर्कस्तानकडचा, तिथला उन्हाळा कोरडा. आपली उबदार ओल त्याला सोसत नाही. त्यात निम्मं शेणखत! ते पाणी धरून ठेवतं, शिवाय जास्त नत्राने पाला माजतो आणि वास उतरतो.

मूळ झाडाचा भरवसा धरू नका, काड्या वाचवा. काडी नखाने खरवडून पाहा. आत हिरवी असेल तर शेंड्याकडचा ८-१० सेंमी तुकडा कापा, खालची पानं काढा आणि जेमतेम ओलसर जाड वाळूत ३ सेंमी खोचा. सावलीत ठेवा. तीन-चार आठवड्यांनी हलकेच ओढून बघा, अडली तर मुळं धरलीत. कात्री स्पिरिटने पुसून घ्या, जुन्या कुंडीतली माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

उत्तर २: नवी कुंडी मातीची घ्या, आठ इंची पुरते. दोन भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग गांडूळखत. खालची बशी काढून कुंडी विटांवर टेकवा. बोटाचं एक पेर आत कोरडं लागलं तरच पाणी. ऊन पाच-सहा तास हवं, तीन तासांत फांद्या लांबुळक्या होतात. पावसात वळचणीला सरकवा.

प्रश्नकर्ता: चांगल्या काड्यांना हिरव्या गाठींसारख्या कळ्या आल्यात. चालतील?

उत्तर १: चालतील, पण कळ्या खुडून टाका, नाहीतर काडीचा जोर तिकडेच जातो.

उत्तर ३: रोप वीतभर झालं की शेंडे खुडत राहा, झुडूप भरतं. गजऱ्यासाठी कळ्या उमलण्याआधी तोडा, तेव्हा वास सर्वात दाट असतो. एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको आणि खालच्या पानं नसलेल्या लाकडात कापू नका, तिथून सहसा फूट येत नाही. मार्चनंतर पानांवर फिकट ठिपके दिसले तर पांढऱ्या कागदावर फांदी झटका. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर ती लाल कोळी ही कीड. दोन-तीन दिवसांआड सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा.