मदत हवी आहे: नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात पहिल्यांदाच जातोय

पुढच्या रविवारी आईला घेऊन नांदेडला सचखंड हुजूर साहिबला जातोय. आई माळकरी. गुरू ग्रंथ साहिबमध्ये आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत हे कळल्यापासून तिला तिथे माथा टेकायची ओढ लागली आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला ती ही जागा. आमच्याकडून काही चुकायला नको. डोकं झाकायचं, चपला काढून पाय धुवायचे, कडा प्रसाद ओंजळीत घ्यायचा, एवढं माहीत आहे. आईने डोक्यावरून पदर घेतला तर चालेल ना? गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नाही, लंगरमध्ये अशांची सोय कुठे असते? आणि तिला पोळ्या लाटायची सेवा करायची आहे. त्यासाठी तिथे कुणाला विचारायचं?