राठ दाढी, आप्पांचा जुना सेफ्टी रेझर आणि गळ्यावरच्या पुळ्या

तापीकाठ_भुसावळ
नमस्कार मंडळी, भुसावळहून लिहितोय. माझी दाढी म्हणजे बाभळीचं कुंपण आहे, सकाळी केली तरी संध्याकाळी पोरगी गालाला गाल लावू देत नाही, टोचतं म्हणते. काम जळगाव एमआयडीसीत, खातं धुळीचं, त्यामुळे तोंडावर घट्ट बसणारा मास्क लागतो आणि खुंट वाढले की मास्क कडेने उचलला जातो नि धूळ सरळ नाकात, म्हणून एकाआड एक दिवस दाढी करावीच लागते. आतापर्यंत पाच पात्यांचं कार्ट्रिज वापरत होतो. माझ्या केसांपुढे ते तीन दाढ्यांत मान टाकायचं, मधल्या फटींत केस नि साबण गच्च बसायचा, नळाखाली धरून आपटलं तरी निघायचा नाही, आणि नवं पाकीट घ्यायला गेलं की तेवढ्यात आठवड्याचा भाजीपाला येतो.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर आप्पांचा जुना सेट सापडला. मुठीचं टोक फिरवलं की वरची दोन दारं फुलपाखरासारखी उघडतात तो. चिंचेने घासला, पितळ निघालं खाली, एकदम झकास. आप्पा म्हणे आम्ही जन्मभर ह्यानेच केली, तुम्हाला काय धाड भरली.

तर तीन आठवडे झाले. गाल मस्त होतात, खोटं कशाला बोलू, कार्ट्रिजने कधी झाले नव्हते असे. पण गळ्याची पार वाट लागली. कंठमण्याजवळ दर वेळी कापतं आणि डाव्या जबड्याखाली लाल पुळ्या, त्यावर घाम आला नि मास्कचा पट्टा घासला की जीव जातो. आता मी उलटा हात मारतच नाही, सगळीकडे वरून खाली, सुलटंच ओढतो, तरी असं का? फेसही लवकर वाळून जातो. पत्ती चुकीची आहे का, रेझर बदलू, का आमच्यासारख्या राठ दाढीवाल्यांनी ह्या भानगडीत पडूच नये?

केळीबाग_रावेर
भाऊ पहिला प्रश्न, दाबतो का? शंभर टक्के दाबत असशील. कार्ट्रिजची सवय असलेला प्रत्येक जण दाबतो, कारण त्याची मान हलती असते, दाबलं तरी ती सांभाळून घेते. इथे मान पक्की. दाबलं की पत्ती केस सोडून कातडीच सोलते. आप्पांचा सेट पितळी आहे ना, मग त्याचं वजनच पुरेसं आहे, तू फक्त मूठ धर आणि त्याला खाली येऊ दे. मी सुरुवातीला दोन बोटांनी मुठीचं पार खालचं टोक धरायचो, तिथून जोर लावताच येत नाही.

कोनाचं म्हणशील तर डोकं गालावर सपाट टेकव, मूठ गालापासून सरळ बाहेर आडवी राहील, मग मूठ हळूहळू खाली घे, जिथे केस कापल्याचा खर्रर्र आवाज सुरू होतो तिथे थांब. पुस्तकात ३० अंश लिहितात, पण आरशासमोर कोनमापक घेऊन कोण उभं राहतं, कान लाव कान. आणि कानापासून हनुवटीपर्यंत एका दमात नाही ओढायचं, इंच-दीड इंचाचे तुकडे. कंठमण्यावर कापतं ते बहुतेक ह्यामुळेच. तिथे घोट गिळल्यासारखं करून कातडी बाजूला सरकव आणि सपाट जागेवर मार.

वाघूर_जळगाव
रावेरच्या भाऊंशी सहमत, पण मूळ पोस्टमधल्या एका वाक्याकडे कोणी पाहिलं नाही, फेस लवकर वाळतो. भुसावळला घरी बोअरचं पाणी आहे का? बादलीला पांढरा थर धरतो का, गिझरची कॉइल मारली जाते का? असेल तर अर्धं दुखणं तिथेच. जड पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असतं, त्याची साबणाशी गाठ पडली की फेसाऐवजी साका होतो, तो बाथरूमच्या फरशीवर चिकट राखाडी बसतो ना, तोच. क्रीमही शेवटी साबणच, ट्यूबमध्ये भरला म्हणून त्याला सूट नाही.

एक प्रयोग कर. दोन रिकाम्या बाटल्या घे, एकीत बोअरचं, दुसरीत फिल्टरच्या जारचं पाणी, दोन्हीत चिमूटभर साबण किसून टाक नि हलव. मी केलं तेव्हा बोअरच्या बाटलीत नुसतं दुधाळ पाणी झालं, दुसरी बाटली बुचापर्यंत फेसाने भरली. तेव्हापासून दाढीपुरतं एक पेला जारचं पाणी गरम करून घेतो. बायको म्हणते पाहुण्यांना माठातलं आणि ह्यांच्या दाढीला आरओ. म्हणू दे.

आणि राठ केसाला वेळ दे रे बाबा. आंघोळीच्या आधी दाढी करत असशील तर आंघोळीनंतर कर, नाहीतर गरम पाण्याचा टॉवेल दोन-तीन मिनिटं धर. केस पाणी पितो, फुगतो, मऊ पडतो, मग कापायला जोर कमी लागतो. ब्रश गोल फिरवून केस उभे कर, आणि पंखा बंद ठेव, आपल्याकडे उन्हाळ्यात ४५ डिग्री नि वर पंखा म्हटल्यावर फेस टिकेल कसा.

जाता जाता एक गंमत. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीतल्या लोकांचं संशोधन 'सायन्स' नावाच्या नियतकालिकात आलं होतं, पत्तीचं पोलाद केसापेक्षा जवळपास ५० पट कडक, तरी केसामुळे पत्तीच्या कडेचे टवके उडतात. केस वाकतो, कडेवर तिरपा ताण येतो आणि जिथे पोलादाची घडण एकसारखी नाही तिथून कण निघतो. तेव्हा तुझी दाढी पत्त्या खाते म्हणतोस ते अगदीच बोलण्यापुरतं नाही.

साक्री_रोड_धुळे
एवढं सगळं करण्यापेक्षा दातेरी डोक्याचा जर्मन रेझर घे, म्यूलेचा आर४१. राठ दाढी एका हातात साफ. माझी पण तारेसारखीच आहे, फुलपाखरू सेट म्हणजे आपल्यासाठी खेळणं.

केळीबाग_रावेर
धुळेकर, ज्याला साध्या सेटने गळा कापतोय त्याला आर४१ देतो का? गाडी शिकणाऱ्याला घाटात सोडल्यासारखं झालं. त्याची पत्ती जास्त उघडी असते, हात बसलेल्यांसाठी ठीक आहे. ह्याचा आधी हात बसू दे.

साक्री_रोड_धुळे
मी पहिल्या दिवसापासून तोच वापरतो, काय झालं नाही.

वाघूर_जळगाव
फोटो टाक बरं गळ्याचा.

साक्री_रोड_धुळे
नको.

बोरी_नदी_काठ
काय भो, इतला ताप कशाले करी लेस, दाढी वाढाई टाक नि मोकया व्हय.

तापीकाठ_भुसावळ
वाढवली असती भो पण मास्क बसत नही ना. सगळ्यांचे आभार, पाणी बोअरचंच आहे, बादली पांढरीफट्ट. आणि हो, दाबत होतो, आज लक्ष देऊन पाहिलं तर बोटांची नखं पांढरी पडेपर्यंत दाबत होतो. पण एक कळलं नाही, हे सगळं गालावर पण तेच होतं, मग गाल ठीक आणि गळ्याचाच कचरा का?

आरसा_अमळनेर
मी अमळनेरचा, घरचं सलून आहे, वडिलांपासून. इतका वेळ वाचत होतो आणि वाट बघत होतो की कोणी बोलेल, कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. भाऊ तुम्ही लिहिलं की सगळीकडे वरून खाली म्हणजे सुलटं. चूक तिथे आहे. सुलटं म्हणजे खाली नाही, सुलटं म्हणजे केस ज्या बाजूला झोपतो ती बाजू. गालावर बहुतेकांचा केस खाली झोपतो. गळ्यावर मात्र ज्याचं त्याचं वेगळं, कोणाचा वर हनुवटीकडे चढतो, कोणाचा कानाकडे आडवा जातो, कोणाला जबड्याखाली चक्क भोवरा असतो डोक्यावर असतो तसा. तुमचा डाव्या बाजूला वर जात असेल तर तुम्ही तीन आठवडे गळ्यावर उलटाच हात मारताय, आणि वर समजताय की सुलटा.

ओळखायचं कसं, दोन दिवस दाढी करू नका. मग कापसाचा बोळा घ्या, आपल्या खान्देशात कापसाला काय तोटा, आणि गळ्यावर हलक्या हाताने चारी दिशांना फिरवा. जिकडे बोळा सुळ्ळकन जातो ती सुलटी, जिकडे अडकून तंतू खुंटाला लागतात ती उलटी. गळ्याचे सहा भाग करा, डावीकडे तीन नि उजवीकडे तीन, आणि कागदावर बाण काढून आरशाला चिकटवा. हसू नका, दुकानात नवीन पोरगा आला की मी त्याला गिऱ्हाइकाला हात लावायच्या आधी बोटाने दाढी चाचपायला लावतो ते ह्याचसाठी. दोन्ही बाजू सारख्या असतील असंही धरून चालू नका, माझ्या स्वतःच्याच नाहीत.

पहिला हात बाणाच्या दिशेने. मग परत फेस लावा, कोरड्यावर दुसरा हात कधीच नाही, आणि दुसरा हात बाणाला आडवा. बस. गळ्यावर उलटा हात सध्या विसरा. राठ आणि कुरळा केस उलटा कापला की कातडीच्या आत जातो, मग वाढताना बाहेर यायच्या ऐवजी आतच वळतो, ती तुमची पुळी. आरशात नीट पाहिलं तर आत काळा केस वळलेला दिसेल. तो सुईने उकरू नका, डाग पडतो.

खान्देशी_पुण्यात
अमळनेरच्या दादांनी सोन्यासारखं सांगितलं. थोडं नंतरचं सांगतो. थंड पाण्याने तोंड धुऊन ओल्या चेहऱ्यावर तुरटीचा खडा फिरवा, गावाकडे नदीचं गढूळ पाणी निवळायला फिरवायचे तोच. कुठे दाबलं गेलं ते तुरटी चुगली केल्यासारखं सांगते, जिथे चुणचुणतं तिथे हात चुकला. मिनिटभराने धुऊन टाका, तशीच वाळू दिली तर कातडी ताणते. सेंट मारलेलं झणझणीत आफ्टरशेव्ह पुळ्या असेपर्यंत नको. आणि पुळीत पू झाला किंवा गाठ राहिली तर ह्या धाग्यावर नाही, कातडीच्या डॉक्टरकडे जायचं.

पत्तीचं कोणी बोललंच नाही शेवटी. सेव्हन ओ'क्लॉकचं काळं पाकीट राठ दाढीला मला चाललं. जपानी फेदर खूप धारदार, हात बसल्यावर बघा. पाच पत्त्यांचं पाकीट वीस-पंचवीस रुपयाला येतं, तर तीन दाढ्या झाल्या की टाका, चिकटपणा करू नका. पत्ती टॉवेलने पुसू नका, पाण्यात हलवून झटका. आणि आप्पांचा सेट आहे म्हणून आप्पा नि तुम्ही एकच पत्ती, असं अजिबात नाही.

वाघूर_जळगाव
जुन्या पत्त्या कचऱ्यात मोकळ्या टाकू नका रे, घंटागाडीवाल्याच्या हाताला लागतात. पावडरच्या रिकाम्या डब्याला चीर पाडा नि त्यात सोडत जा. आमच्याकडे आईला शिवण उसवायला एखादी हवीच असते, ती वेगळी ठेवतो.

तापीकाठ_भुसावळ
तीन आठवड्यांनी परत येतोय, मध्ये डबल ड्युटी होती. शनिवार-रविवार दाढी न करता बोळा फिरवला, बायको बघून हसत होती की हे काय पुंकेसर मोजताय का. उजवी बाजू खालीच जाते, पण डाव्या जबड्याखाली केस तिरपा वर कानाकडे चढतो आणि मधोमध रुपयाएवढा भोवरा निघाला. तीस वर्षं ही मान घेऊन फिरतोय आणि मला पत्ता नाही. बाणांचा कागद आरशाला लावलाय, भाचा विचारत होता मामा ही कुठली मेट्रो.

पहिल्या दोन दाढ्या अवघड गेल्या, डाव्या बाजूला खालून वर मारायचं म्हणजे हात उलटा धरावा लागतो, सेट सुटून बेसिनमध्ये पडला एकदा, दाराचा कोपरा किंचित वाकला, तो पक्कडीने सरळ केला नाहीतर पत्ती एका बाजूने जास्त बाहेर येत होती. जारचं पाणी सुरू केलं, फेस आता शेवटपर्यंत ओला राहतो. पुळ्या जवळपास गेल्या, दोन जुने डाग आहेत. कंठमण्यावर ह्या तीन आठवड्यांत एकदाच कापलं आणि ते पण सहाची गाडी चुकत होती म्हणून घाई केली. भोवऱ्यात अजून खुंट राहतात, बोट फिरवलं की लागतात, पण मास्क बसतो तेवढ्यावर, म्हणून सोडून देतो.

आता नवीनच त्रांगडं. आप्पांनी गाल पाहिले आणि सेट परत मागितला.

आरसा_अमळनेर
देऊन टाका आप्पांना. भोवऱ्याला तिसरा हात लावू नका, राहू द्या खुंट. आणि नवा घेताना वरून झाकण उचलून निघणारा तीन तुकड्यांचा घ्या, बेसिनमध्ये पडला तर वाकायला दारंच नाहीत त्याला.

साक्री_रोड_धुळे
आर४१ घे.