‘कॉपी’ला मराठीत काय म्हणायचं? नक्कल, प्रतिकृती की कित्ता

फोंड्याहून प्रश्न : तैलरंग शिकतोय. सरांनी डच चित्रकार व्हर्मेरचं ‘मिल्कमेड’ कॉपी करायला दिलंय. वर्गाच्या प्रदर्शनात खाली मराठी पाटी लावायची आहे. ‘व्हर्मेरच्या चित्राची नक्कल’ लिहिलं तर आई म्हणते, चोरी कबूल केल्यासारखं वाटतं. आणि चित्राचं नाव ‘गवळण’ चालेल?

म्हापशाहून : ‘गवळण’ नको हो. गवळण म्हटली की ती मथुरेच्या बाजाराला निघणार आणि वाटेत कृष्ण आडवा येणार! ही बाई दूध विकत नाही, घरकामाला आहे. ‘दूध ओतणारी मोलकरीण’ म्हणा.

नकलेबद्दल आईंचं बरोबर आहे. मामलेदार कचेरीतली नक्कल शिक्का बसला की खऱ्यासारखी चालते, पण चित्राला हा शब्द लावला की नकली नोटच आठवते. ‘प्रतिकृती’त मूळ वस्तूचा आकार-उकार हुबेहूब उतरवणं आलं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात बसून कॉपी करणाऱ्यांना तर कॅनव्हास मुळापेक्षा निदान एक पंचमांश लहान किंवा मोठा घ्यावा लागतो, म्हणजे कोणी ती अस्सल म्हणून खपवू नये. मला विचाराल तर ‘कित्ता’. शिकण्यासाठी गिरवायचं ते कित्ता.

मडगावहून : शब्द गोड आहे, पण इथे बसत नाही. कित्ता म्हणजे समोरचा नमुना. म्हणजे कित्ता व्हर्मेरचा, या मुलाचं ते गिरवलेलं. शिवाय अक्षर गिरवताना रेघ डोळ्यांसमोर असते. तैलचित्रात निम्मं काम दिसतच नाही. आधी तपकिरी-काळ्यात छायाप्रकाश मांडायचा, तो वाळल्यावर वर रंग चढवायचे. खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा. उलट केलं की पुढे तडे जातात.

या चित्राची तर आणखी गंमत आहे. 2022 साली ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने त्याच्या तपासणीत काय दिसलं ते जाहीर केलं. बाईच्या डोक्यामागे भिंतीवर सुरया टांगायची फळी होती, खाली उजवीकडे विस्तवाची टोपली होती. व्हर्मेरनेच दोन्ही रंगाखाली गाडली. आज दिसते ती उघडी भिंत, खिळे आणि खिळ्यांची भोकं. भिंत सोपी म्हणून आपण शेवटी उरकतो, आणि तिथेच कॉपी मरते. हे गाडणं कोण कसं गिरवणार?

म्हापशाहून : बरं, कित्ता मागे घेतला. मग पाटीवर काय?

मडगावहून : ‘व्हर्मेरच्या चित्रावरून’. चालीवरून गाणं बांधतात, तसंच. चोरीचा वास नाही आणि मूळ कोणाचं तेही कळतं.

पणजीहून : ‘चित्रावरून’ला माझंही मत. फक्त पाटीवर चित्राचा प्रकार म्हणून ‘प्रसंगचित्र’ लिहू नका, दूध ओतण्यापलीकडे इथे प्रसंग नाही. ‘घरगुती दृश्य’ पुरे. ग्लेझला ‘झिलई’ही नको, झिलई म्हणजे चकाकी, ग्लेझ म्हणजे खालचा रंग दिसू देणारा पातळ थर. छापील पुस्तकात हा थर कळत नाही. इथे पणजीत, फाँतेन्यात फुंदासांव ओरियेंत या संस्थेत आपल्या सांग्याच्या चित्रकार त्रिंदादची तैलचित्रं आहेत, ती जवळून बघून या. आणि पाटीची घाई नको. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, पाण्यासारखं उडून जात नाही. आपल्या पावसात कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवलात तर रंग वाळण्याआधी मागे बुरशी धरेल.