मदत हवी आहे: क्रोएशियातल्या लिका-सेन्य जिल्ह्यात नोकरी, बारमाही राहता येईल का?

मंडळी, माझा भाचा गोव्यातल्या एका हॉटेलात किचनमध्ये आहे. मूळ गाव कुडाळ, वय २३. त्याला प्लित्वित्से सरोवरांजवळच्या हॉटेलाची ऑफर आली आहे. एजंट म्हणतो, "युरोप आहे, डोळे मिटून जा." बहीण रोज फोन करून मला विचारते आणि मला तिला छातीठोकपणे काही सांगता येत नाही. तिकडे राहिलेल्या कुणी नीट सांगितलं तर फार उपकार होतील.

वाचून जे कळलं ते आधी लिहितो. लिका-सेन्य हा क्षेत्रफळाने क्रोएशियातला सगळ्यात मोठा जिल्हा, ५,३५३ चौ. किमी. म्हणजे आमच्या सिंधुदुर्गाहून थोडासाच मोठा. पण सिंधुदुर्गात २०११ साली साडेआठ लाख माणसं होती आणि तिथे २०२१ च्या जनगणनेत ४२,७४८! त्याच्या दहा वर्षं आधी ५०,९२७ होती. युगोस्लाव्हिया फुटतानाच्या १९९१ ते ९५ च्या युद्धात आधी क्रोएट लोकांना घरं सोडावी लागली, मग १९९५ च्या ऑगस्टमध्ये सर्बांची गावंच्या गावं उठली, आणि त्यातली बरीच पुन्हा नांदती झालीच नाहीत. २०१३ मध्ये देश युरोपियन युनियनमध्ये गेल्यावर तरुणांना जर्मनी-आयर्लंडची वाट मोकळी झाली. आता कामाला माणसं बाहेरून आणावी लागतात, हे समजतं. पण इतक्या विरळ वस्तीत एकटं पोरगं कसं राहील, या विचाराने आम्ही सगळेच हैराण आहोत.

जिल्ह्यातला मोठा पैसा पर्यटनाचा. प्लित्वित्सेला १६ सरोवरं, १९४९ पासून राष्ट्रीय उद्यान, १९७९ पासून युनेस्कोच्या यादीत. बाकी बटाटा, मेंढ्या, लाकूड. तर प्रश्न असे: थंडीत हॉटेलं चालू राहतात का? गाडी नसेल तर अडतं का? स्थानिक लोक कसे आहेत? आणि त्यापेक्षा समुद्राकडे, सेन्य किंवा नोवाल्याला, काम बघावं का?

प्रतिसाद १

मी रियेकाला (क्रोएशियातलं बंदराचं शहर) राहतो, कामानिमित्त त्या भागात जाणं होतं. आधी एक लक्षात घ्या: हा एक जिल्हा असला तरी हवामानं दोन आहेत. मधे वेलेबिट डोंगर आडवा. आतल्या बाजूला गोस्पिच, ओतोचाट्स, कोरेनित्सा. तिथे कडक थंडी आणि भरपूर बर्फ. समुद्राकडची बाजू उघडी-बोडकी, दगडाळ. डोंगरावरून खाली कोसळणारा 'बुरा' नावाचा वारा सेन्यला असा सुटतो की किनाऱ्याचा हमरस्ता मोठ्या गाड्यांना बंद करतात. वारा पडल्यावर गाडीच्या काचेवर मिठाचा पांढरा थर बसलेला असतो, बोटाने रेघ ओढता येते.

नोवाल्या पाग बेटावर, जवळच झर्चेचे बीच-क्लब. पगार बरा सुटेल, पण सगळा खेळ उन्हाळ्याचा. प्लित्वित्सेला हिवाळ्यातही उद्यान उघडं असतं, पण गर्दी ओसरते आणि माणसं कमी करतात. म्हणून करारात बारमाही नोकरी आहे की हंगामी, हे पहिलं बघा. परमिट त्या मालकाच्या नावावर असतं, मनात आलं म्हणून दुसरीकडे कामाला लागता येत नाही. शेंगेनमध्ये (सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांत) फिरता येईल, नोकरी नाही.

गाडीवाचून अडतं. गोस्पिचला रेल्वे आहे, प्लित्वित्सेला नाही. राजधानी झाग्रेबची बस मिळते, पण आतल्या गावांत हिवाळ्यात पायपीट ठरलेली. राहायची सोय हॉटेलच्या आवारात आहे का, ते लेखी घ्या.

माणसं कमी बोलतात, पण एकदा ओळख झाली की जेवल्याशिवाय सोडत नाहीत. कोकणातल्या मुलाला गात्स्का नदीचा ट्राउट मासा नक्की आवडेल. दाताखाली करकरणारं ताजं चीज आणि भाजलेला बटाटा तर प्रत्येक घरात. निकोला टेस्लाचं जन्मगाव स्मिल्यान गोस्पिचच्या शेजारीच. सुट्टीच्या दिवशी त्याने जरूर जावं. युद्धाचा विषय मात्र आपण होऊन काढू नये. ज्याच्याशी बोलतोय त्याच्या घरात काय झालं असेल, सांगता येत नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार. तुमचं वाचून करार पुन्हा उघडला. 'हंगामी' हा शब्द कुठेच नाही, पण मुदत ३१ ऑक्टोबरला संपते! एजंट तर वर्षभराचं बोलत होता. राहण्याची सोयही तोंडीच. आता दोन्ही गोष्टी हॉटेलकडून थेट ईमेलवर मागतोय आणि तोवर एजंटला पैसे द्यायचे नाहीत, असं ताईला सांगितलं आहे. आणखी एकच विचारतो: हंगाम संपल्यावर तिथेच दुसरा मालक शोधून नवं परमिट कुणी काढलं आहे का, की आधी भारतात परत यावं लागलं? अनुभव असेल त्यांनी कृपया लिहा.