बाबांचा चेहरा कोरा, मन कसं ओळखू?

बाबा ७४ वर्षांचे, पार्किन्सनला सहा वर्षं झाली. रोज रामबागेतून राजवाड्यापर्यंत चालत जाऊन पोहे-जिलबी खाऊन यायचे. दिवाळीपासून तेही बंद. सराफ्यात खायला चला म्हटलं तर "काय करायचंय?" चेहरा आजारानेच कोरा झालाय. आई म्हणते, वय झालं. खरंच तेवढंच?
– इंदूरची लेक

चेहऱ्यावर जाऊ नका, सरळ विचारा. झोप, भूक कशी आहे? नातू आल्यावर खुलतात का? "मी ओझं झालोय" म्हणतात का? आमच्या काकांना तर पार्किन्सनने हात थरथरायच्या आधीच नैराश्य आलं होतं. आम्ही त्याला तिरसटपणा समजत होतो! नैराश्य हाही आजाराचाच भाग, औषधाने आणि समुपदेशनाने फरक पडतो.
– ग्वाल्हेरकर

गोळ्यांच्या वेळा वहीत लिहा. लेव्होडोपाचा (पार्किन्सनचं मुख्य औषध) असर उतरताना काहींचं मनही खचतं. मग डोसच्या वेळा बदलाव्या लागतात. रॅसाजिलीन ही पार्किन्सनची दुसरी गोळी चालू असेल तर न्यूरोलॉजिस्टला सांगा. नैराश्याच्या काही गोळ्यांशी तिचं जमत नाही. मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने काही घेऊ नका.
– बडोद्याची नर्स

रात्री विचारलं. बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "जगून काय करू?" आईसुद्धा रडली.
– इंदूरची लेक

त्यांना एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला आत्ताच फोन लावा, १४४१६. डॉक्टरही आजच गाठा.
– बडोद्याची नर्स